ॲव्हरेजच्या वहीतला शेरा

काकांच्या प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डाखालच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही असायची. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, मीटर, लिटर, ॲव्हरेज आणि शेरा. पंपावर टाकी फुल केली की काका गाडी बाजूला घेत, वही काढत आणि तिथेच भागाकार करत. आकडा पडला की मग शेरा. "घाट." "प्लग साफ केले." "पाहुणे, डिकीत सामान." "मागच्या चाकात हवा कमी." आकडा घसरला तरी काका गाडीला नावं ठेवत नसत. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न असे.

आज कुणी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी विचारणा होते, "ॲव्हरेज किती देते?" त्यातलं 'देते' हे क्रियापद पाहण्यासारखं आहे. बाजारात म्हशीबद्दल विचारावं तसं आपण गाडीबद्दल विचारतो. पण म्हैस घेणाऱ्याला ठाऊक असतं, की दूध जातीवर जेवढं, तेवढंच चाऱ्यावर, पाण्यावर आणि धार काढणाऱ्या हातावर अवलंबून असतं. गाडीच्या बाबतीत मात्र आपल्याला एकच आकडा हवा असतो. तो मिळाला नाही, की एक तर आपण कंपनीच्या नावाने बोटं मोडतो, नाही तर ॲव्हरेज वाढवणारं काहीतरी विकत आणतो. देखभाल, चालवण्याची रीत, गाडीत केलेले बदल आणि इंधन, या चार वाटांनी खरोखर किती फरक पडतो, त्याचा हा आढावा.

आकडा येतो कुठून

जाहिरातीतल्या आकड्याला आपण सरसकट 'एआरएआयचा आकडा' म्हणतो. पुण्यात कोथरूडच्या बाजूला, वेताळ टेकडीवर असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिथल्या चाचणीत गाडी रस्त्यावर धावतच नाही. ती रोलरवर उभी असते, फिरतात फक्त चाकं. ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. या भारतीय चक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, पुढे अचानक थांबलेली रिक्षा नाही, लग्नाची वरात तर नाहीच नाही. हा आकडा खोटा नसतो, पण तो आहे दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी. कात्रज ते शिवाजीनगर रोज जाणाऱ्याला दिलेलं ते वचन नव्हे.

आपला आकडा आपणच काढावा, आणि त्याची रीत काकांचीच. टाकी फुल करायची, मीटर लिहायचं, पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा. शक्यतो तोच पंप, नोझल आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं आणि निदान चार वेळच्या नोंदींची सरासरी धरायची. स्क्रीनवर दिसणारा आकडा थोडा लाडात वाढलेला असू शकतो, त्यामुळे एकदा तरी तो वहीशी पडताळून पाहावा. मूळच्यापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर घातले असतील, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर मोजतं, हेही विसरू नये. मग हिशेबात तूट दिसते, ती निम्मी मापाचीच असू शकते.

आकडा वाचण्यातही एक चकवा आहे. १० चं ॲव्हरेज १२ झालं तर आपण "दोनच की" म्हणतो आणि २० चं २५ झालं की खूश होतो. आता वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. पहिल्या गाडीला १,२०० लिटर लागत होते, आता १,००० लागतात. बचत २०० लिटर. दुसरीला ६०० लागत होते, आता ४८०. बचत १२०. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या ड्यूक विद्यापीठातल्या दोघांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा भ्रम दाखवून दिला होता. युरोपात 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असं मोजतात, तिथे हा घोळ होत नाही. मथितार्थ असा, की बचतीचा मोठा वाव जुन्या, जड, खादाड गाडीत असतो. आधीच २२ देणाऱ्या गाडीमागे लागून हाती फारसं येत नाही.

पुढे सगळीकडे एकच मोजपट्टी वापरू. वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १५ आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर वर्षाचा खर्च ८४,००० रुपये होतो. म्हणजे एक टक्का बचत ८४० रुपयांची. कुणी काहीही विकायला आलं, की त्याला या पट्टीने मापायचं.

पेट्रोल जातं कुठे

पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास इंजिनातच उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. घर्षण, गिअर, पंप, डायनॅमो यांचे वाटे गेल्यावर चाकांपर्यंत पोचते ती साधारण पाव ऊर्जा, शहरात त्याहूनही कमी. हा पाव हिस्सा तिघांत वाटला जातो: टायरचं रस्त्याशी घर्षण, हवेचा अडथळा आणि ब्रेक.

टायरचा वाटा वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा अडथळा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की वेग पाव पटीने वाढतो आणि हवेचा अडथळा छप्पन्न टक्क्यांनी. एका लहान गाडीचं गणित मांडून पाहिलं, तर सपाट रस्त्यावर ताशी ६० ने जायला चाकांपाशी चारेक किलोवॉट पुरतात आणि १०० ला त्याच गाडीला बाराच्या आसपास लागतात.

तिसरा वाटेकरी ब्रेक. हजार किलोची गाडी ताशी ५० ने चाललेली असताना तिच्यात जी गतिज ऊर्जा साठलेली असते, ती कमवायला साधारण १२ मिलिलिटर पेट्रोल जळलेलं असतं. खोकल्याच्या औषधाच्या झाकणात मावेल एवढं. ब्रेक दाबला की ते झाकणभर पेट्रोल ब्रेक पॅड तापवण्यात संपतं. असे ऐंशी ब्रेक म्हणजे एक लिटर. शहरात ॲव्हरेज का पडतं, याचं उत्तर या झाकणात आहे. मारुतीची ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाची हायरायडर यांसारख्या हायब्रिड गाड्यांचा जाहीर आकडा २७.९७ का येतो, त्याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे. त्या ब्रेकमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत भरतात आणि रखडत्या वेगात इंजिन बंद ठेवून मोटरवर चालतात.

घाटाचं गणितही असंच मांडता येतं. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची कमावते. माणसांसह बाराशे किलोची गाडी नुसती वर उचलायलाच पाऊण लिटरच्या जवळपास पेट्रोल लागतं, रस्ता कापण्याचं वेगळं. काकांच्या वहीतला "घाट" हा एका शब्दाचा शेरा अगदी बरोबर होता.

देखभाल: कार्ब्युरेटर गेला, सवयी राहिल्या

ॲव्हरेजसाठी गॅरेज गाठायची आपली सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. पद्मिनी असो, ॲम्बॅसिडर असो की १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण तेव्हा स्क्रूने ठरे. कानाने इंजिन ऐकून स्क्रू ड्रायव्हरने ट्यूनिंग करणारा मिस्त्री म्हणजे हातगुण असलेला डॉक्टर. एअर फिल्टर तुंबला की मिश्रणात पेट्रोल जास्त होई, प्लग काळे पडत आणि ॲव्हरेज खरोखर कोसळे. ते वाढवायला कुणी लहान जेट बसवून घेई. त्याने दोन-तीन किलोमीटर वाढतही, पण पेट्रोल कमी पडल्याने इंजिन तापे आणि काही महिन्यांनी व्हॉल्व्ह जळाल्याचं बिल येई.

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे निकष आले आणि कार्ब्युरेटरची जागा एमपीएफआय या इंधन इंजेक्शनच्या पद्धतीने घेतली. आता मिस्त्रीच्या कानाचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती प्राणवायू उरला ते सतत सांगत राहतो आणि त्यानुसार पेट्रोलची धार क्षणाक्षणाला कमी-जास्त होते. लक्ष्य असतं पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, वजनाने. ही एक गोष्ट नीट समजली, की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

एअर फिल्टरचंच घ्या. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरवर गाड्या चालवून पाहिल्या. इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, घटला तो पिक-अप. हवा कमी आली तर ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो, इतकं साधं कारण. फिल्टर वेळेवर बदलायचाच, आपल्या धुळीत तर नक्कीच. मात्र तो इंजिनाच्या आयुष्यासाठी आणि ताकदीसाठी. "फिल्टर बदला, दहा टक्के वाढेल" हे कार्ब्युरेटरच्या काळातलं वाक्य आहे.

मग आजच्या गाडीत देखभालीने फरक पडतो कुठे? सेन्सर, ब्रेक, तापमान, ऑइल आणि हवा या पाच ठिकाणी.

ऑक्सिजन सेन्सर बिघडला की ईसीयू आंधळा होतो आणि सांभाळून घेण्यासाठी जास्त पेट्रोल सोडत राहतो. अशा गंभीर बिघाडात चाळीस टक्क्यांपर्यंत फटका बसू शकतो, असं अमेरिकी ऊर्जा खात्याचं ग्राहकांसाठीचं मार्गदर्शन सांगतं. डॅशबोर्डवरचा पिवळा 'चेक इंजिन' दिवा पेटलेला असताना "गाडी तर चालतेय" म्हणत महिनाभर फिरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आमच्या पट्टीवर चाळीस टक्के म्हणजे वर्षाला तेहतीस हजारांहून जास्त.

ब्रेकचा दोष आवाज न करता पैसे खातो. माझ्या गाडीचं ॲव्हरेज एकदा पंधरावरून साडेबारावर आलं. एका गॅरेजवाल्याने इंजेक्टर साफ केले, प्लग बदलले, बिल दिलं. आकडा होता तिथेच राहिला. मग एका पंक्चरवाल्याने स्टेपनी लावताना मागच्या डाव्या चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तो ड्रम तव्यासारखा तापला होता. हँडब्रेकची केबल गंजून ब्रेक अर्धवट लागूनच राहत होता. तेव्हापासून लांबच्या प्रवासानंतर मी चारही चाकांजवळ हाताची पाठ नेऊन पाहतो. एखादं चाक बाकीच्यांहून जास्त गरम लागलं, तर ब्रेक धरतोय हे नक्की.

तापमानाची गोष्ट खास आपल्याकडची. "आपल्या हवेत लागत नाही" असं म्हणत थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा अनेक गॅरेजांत वर्षानुवर्षं होती. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही, ईसीयूला ते थंडच वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. थंड इंजिन खातं जास्त. घरापासून दीड किलोमीटरवरच्या भाजीबाजारात जाऊन आलं तर ते तापायच्या आतच बंद होतं. अशा फेऱ्यांचा शेरा एकच: "चालत जाता आलं असतं."

ऑइल पुस्तिकेत लिहिलं आहे त्याच ग्रेडचं घालावं. नव्या छोट्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल दिलेलं असतं, कारण ते ढवळायला शक्ती कमी लागते. त्याऐवजी "जाडं घाला, इंजिन टिकेल" हा सल्ला ऐकला, तर एक-दोन टक्के हातचे जातात.

आणि चाकातली हवा. दर एक पीएसआय कमी झाल्यास साधारण ०.२ टक्के फटका, असं अमेरिकी मोजमाप आहे. ३३ ऐवजी २५ असेल, तर दीड टक्क्याच्या वर, म्हणजे वर्षाला तेराशे-चौदाशे रुपये, शिवाय टायरची झीज वेगळी. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. पंक्चरवाल्याच्या "तीस भरू का?" या प्रश्नाला तो वाचूनच उत्तर द्यावं, तेही चाकं थंड असताना. नायट्रोजनसाठी पैसे मोजायचे का? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन किंचित सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा लाभ. पंधरवड्याला फुकटची हवा तपासणाऱ्याला त्याची गरज नाही.

उजवा पाय

पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे पीसीआरए, ही सरकारी संस्था १९७८ पासून ताशी ४५ ते ५५ च्या वेगाचा, सिग्नलला इंजिन बंद करण्याचा आणि क्लचवर पाय न ठेवण्याचा उपदेश करत आली आहे. तो इतक्या वेळा ऐकला, की ऐकू येईनासा झाला. आकड्यांत मांडला तर कदाचित ऐकू येईल.

लहान पेट्रोल गाडी उभ्या उभ्या तासाला अर्धा लिटर किंवा थोडं जास्त पिते, एसी चालू असेल तर आणखी. दीड मिनिटाचा सिग्नल म्हणजे पुन्हा तेच औषधाचं झाकण, जरा शिगोशीग. उलट, इंजिन पुन्हा चालू करायला लागतं ते दहा सेकंद उभं राहण्याइतकंच. रोज असे सहा सिग्नल आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर सत्तावीस लिटर, म्हणजे अठ्ठावीसशे रुपये.

एसीचा वाद चहाच्या टपरीवर सुटत नाही, पण तो सोपा आहे. शहरातल्या वेगात चाकांनाच मुळी चारेक किलोवॉट लागतात, तिथे एसीच्या कॉम्प्रेसरचे एक-दोन किलोवॉट जाणवणारच. हायवेला बारा किलोवॉटांत ते मिसळून जातात आणि उघड्या काचांतून शिरणारा वारा जास्त महाग पडतो. म्हणून कमी वेगात काचा, जास्त वेगात एसी. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत बसताना आधी मिनिटभर दारं उघडून गरम हवा जाऊ द्यावी. कॉम्प्रेसरचं तेवढं ओझं कमी होतं.

वेगाचा हिशेब एक्स्प्रेस वेसाठी. शंभर किलोमीटर सपाट अंतर ८० ने कापायला ७५ मिनिटं लागतात, १०० ने ६०. चाकांनी करायचं काम मात्र तिसऱ्या हिश्श्याने वाढतं. वाचलेल्या पंधरा मिनिटांतली पाच-सात पुढे टोलनाक्यावर किंवा फूड मॉलच्या रांगेत जातात, हा अनुभव ज्याचा त्याने तपासावा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकण्याची सवय तर दोन्हीकडून तोट्याची. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याने थोडं पेट्रोल वाचतही असेल. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला टाकली की इंजिन चालू ठेवायला त्याला पुन्हा पेट्रोल सोडावं लागतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि बोर घाटात तापून निकामी झालेल्या ब्रेकची किंमत लिटरमध्ये मोजत नाहीत.

अमेरिकेत वेन गेर्डीस याने २००४ साली या साऱ्या कौशल्याला 'हायपरमायलिंग' असं नाव दिलं. तिथले वेडे ट्रकच्या मागे चिकटून जाण्यापर्यंत मजल मारतात. तो भाग सोडून द्यावा. घेण्यासारखं एकच: नजर लांब ठेवायची. तीनशे मीटरवरचा सिग्नल लाल दिसला, की तिथेच पाय उचलायचा. ब्रेक जितका कमी, तितकी झाकणं शिल्लक.

बदल: लावण्यापेक्षा काढणं बरं

आता ज्यासाठी लोक खरा खिसा मोकळा करतात ते बदल. गाडीचा आकार बदलून ॲव्हरेज वाढतं, हे कारखान्यांनी सिद्ध केलं आहे. होंडाची १९९९ सालची पहिली इनसाइट मागची चाकं झाकून आली होती आणि तिचा हवारोध गुणांक ०.२५ होता. फोक्सवॅगनच्या २०१३ च्या एक्सएल१ ने तो ०.१९ पर्यंत खाली आणला आणि शंभर किलोमीटरला ०.९ लिटर इंधन असा आकडा जाहीर केला. पण त्या गाड्या कागदावरच तशा आखलेल्या होत्या. घरी पुठ्ठा लावून पुढची जाळी बंद करण्याचा थंड देशांतला प्रयोग आपल्याकडे केला, तर जाळीमागचा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर दोघंही तक्रार करतील.

आपल्याकडचे लोकप्रिय बदल तर उलट्या दिशेचे. टपावर मोठी सामानपेटी लावली तर शहरात २ ते ८ टक्के आणि हायवेच्या वेगात १० ते २५ टक्क्यांपर्यंत इंधन जास्त जातं, असं अमेरिकी मोजमाप. नुसतं रिकामं कॅरिअरही वारा अडवतंच. दिवाळीत गावाला जाताना लावलेलं कॅरिअर होळीपर्यंत तसंच असतं. रुंद टायर आणि मोठी अलॉय व्हील्स दिसायला रुबाबदार, पण घर्षण आणि फिरतं वजन दोन्ही वाढवतात. लोखंडी बंपर गार्ड वजनही वाढवतो, वाराही अडवतो. पादचाऱ्यांच्या आणि गाडीतल्यांच्याही जिवाला त्याचा धोका असल्याने केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरातच त्याविरुद्ध कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. डिकीतली न लागणारी पोती, क्रिकेटचं किट, पाण्याचे कॅन यांचा हिशेब साधारण असा: पंचेचाळीस किलोला एक टक्का.

थोडक्यात, ॲव्हरेजसाठी आपल्या हातात असलेला सर्वांत खात्रीचा बदल म्हणजे आपणच लावलेलं काढून टाकणं. तो फुकट आहे म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही.

जाहिरात होते ती यंत्रांची. पेट्रोलच्या नळीवर बसवायची चुंबकं, पाण्यापासून हायड्रोजन बनवून इंजिनात सोडणारे डबे, सिगारेट लायटरमध्ये किंवा ओबीडीच्या, म्हणजे गाडीचे दोष वाचायच्या, खाचेत खोचायचे लुकलुकणारे प्लग. पेट्रोल हा हायड्रोकार्बन. नळीवरच्या चुंबकाने त्याच्या ज्वलनात काही फरक पडत नाही. पाणी फोडायला वीज लागते, ती डायनॅमोतून येते, डायनॅमोला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. त्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला गळती आहे. स्वतःच्याच विहिरीतलं पाणी भोकाच्या बादलीने काढून त्याच विहिरीत ओतण्याचा हा उद्योग. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था १९७० च्या दशकापासून अशी शंभरावर साधनं तपासत आली. मोजक्या काहींनी किंचित फरक दाखवला, बहुतेकांनी काहीच नाही. मग शेजारच्याला फरक कसा पडला? त्याने यंत्र बसवलं, त्या दिवसापासून तो मीटरकडे पाहत हळू चालवू लागला. शेरा चुकीच्या रकान्यात गेला, इतकंच.

ईसीयूचं रीमॅपिंग हा जरा गंभीर प्रकार. त्याने टर्बो गाडीची ताकद खरोखर वाढते. मात्र ती वाढलेली ताकद वापरली, की पेट्रोलही वाढतं. वॉरंटी जाते आणि धुराचं गणित बिघडतं ते वेगळंच. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं. अपघातानंतर विम्याचा दावा करताना ही गोष्ट पहिल्यांदा आठवते, तोवर उशीर झालेला असतो.

टाकीत काय आहे

शेऱ्याच्या रकान्यात अलीकडे एक नवा शब्द आला आहे: ई-२०. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं गेलं आणि गाठलंही. महाराष्ट्राला त्याचं वावडं असण्याचं कारण नाही, उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आसवन्यांना त्यातूनच बरकत आली. पण ॲव्हरेजचं गणित सरळ आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत पावणेसात टक्क्यांच्या आसपास घट, दहा टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के घटीचा अंदाज दिला होता. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० सोसणारे आहेत आणि एप्रिल २०२५ पासूनची इंजिनं त्यासाठी जुळवलेली. २०१५ सालच्या गाडीचं ॲव्हरेज एक किलोमीटरने पडलं, तर मिस्त्रीला दोष देण्याआधी हा शेरा लिहावा. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील मात्र सर्व्हिसिंगला मुद्दाम पाहून घ्यावेत.

महागड्या 'प्रीमियम' पेट्रोलचा ऑक्टेन आकडा जास्त असतो. ऑक्टेन म्हणजे ठोका न बसता दाब सोसण्याची ताकद, जास्त ऊर्जा नव्हे. पुस्तिकेत मागितलं नसेल, तर त्याचे जादा पैसे सायलेन्सरवाटेच जातात.

उरला सीएनजी. इथे खरी बचत आहे, पण ती नेमकी कसली, ते समजून घ्यावं. वॅगन आरचा सीएनजीचा जाहीर आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर. ऐकायला थोर. पण किलोभर सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या सुमारे दीडपट ऊर्जा असते. त्या हिशेबाने ते पेट्रोलच्या २३ च्या आसपास झालं, म्हणजे पेट्रोलवरच्या वॅगन आरपेक्षा फार वेगळं नाही. गाडी कमी खाते असं नाही, खाणं स्वस्त आहे. आमच्या पट्टीवर किलोला २० किलोमीटर आणि ८० रुपये धरले, तर वर्षाचा खर्च ४८,००० होतो आणि ३६,००० वाचतात. किट बाहेरून बसवलं, तर खर्च पन्नास-साठ हजारांच्या घरात, तो दोनेक वर्षांत वसूल. मात्र किट मान्यताप्राप्त हवं, आरसी बुकावर नोंद हवी आणि सिलिंडरची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी. त्यात दोनशे बारचा दाब असतो, तिथे 'चालतंय की' चालत नाही. डिकी जाते, पंपावरची रांग येते. ज्याची गाडी महिन्याला चारशे किलोमीटरच फिरते, त्याने हा खटाटोप करू नये.

वहीची बेरीज

सगळं एका पानावर मांडलं तर चित्र असं दिसतं. फुकट किंवा जवळपास फुकट गोष्टींत, म्हणजे हवा, काढून ठेवलेलं कॅरिअर, रिकामी डिकी, सिग्नलला बंद केलेलं इंजिन आणि लांब नजर यांत, वर्षाला आठ-दहा हजार सहज दडलेले आहेत. बिघाड वेळेवर शोधण्यात कधी कधी त्याहून जास्त. वेळेवर केलेल्या साध्या सर्व्हिसिंगने ॲव्हरेज फारसं वाढत नाही, पण ते पडत नाही, आणि हीच तिची कमाई. विकत घेतलेल्या यंत्रांत काही नाही. रस्ता, घाट, वरात आणि टाकीतलं इथेनॉल हे आपल्या हातात नाहीत, पण त्यांची नोंद ठेवली तर नसत्या दुरुस्त्यांचे पैसे वाचतात.

आताच्या गाडीत वही नाही. स्क्रीनवर आकडा दर सेकंदाला बदलतो, आलेख निघतात, मोबाइलवर अहवाल येतो. त्यात चार रकाने आहेत: तारीख, मीटर, लिटर, ॲव्हरेज. पाचवा नाही. गेल्या महिन्यात मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्याच नोंदीला अडकलो. आकडा होता १३.८. पेन्सिल कानावर ठेवून थोडा विचार केला आणि पुढे लिहिलं: "मीच घाईत होतो."